रॉथशिल्ड घराण्यातल्या बायका गेल्या कुठे?

गिरगावची_अनघा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल पण विचारतेच.

मागच्या महिन्यात आमच्या नात्यात एक मृत्युपत्र वाचलं गेलं. दादरला जुनं कापडाचं दुकान आहे, कुणाचं ते सांगत नाही. दुकान, वरचा पोटमाळा, माल, सगळं दोन मुलांना, आणि मुलीला "लग्नात दिलंच आहे" म्हणून काही नाही. आता ही मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, बावीस वर्षं त्या दुकानाची कीर्द-खतावणी हिनेच लिहिली, नंतर टॅली शिकली, जीएसटी आला तेव्हा रात्र रात्र जागून बसली ती हीच, भाऊ तेव्हा गल्ल्यावर बसून चहा मागवत होते. मी भेटायला गेले तर रडत वगैरे नव्हती. एवढंच म्हणाली, यंदाची वही माझ्याकडेच राहिलीय गं, नेऊन देऊ का राहू दे?

ते डोक्यात घेऊन मी शनिवारी काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीत जाऊन बसले (मेंबर आहे, वरच्या गॅलरीतल्या त्या लांब हातांच्या आरामखुर्च्यांसाठीच मेंबर आहे असं म्हटलं तरी चालेल), आणि हाताशी रॉथशिल्ड बँकवाल्यांवरचा एक ठोकळा आला. सुरुवातीलाच वंशवृक्ष. मूळ पुरुष मयर आमशेल, खाली पाच मुलगे, फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस, पाच गावं पाच पेढ्या. मुलीसुद्धा पाचच होत्या हो! पण त्या बिचाऱ्या एका ओळीत उरकल्यात. पुढे कळलं की बापाने १८१२ च्या मृत्युपत्रात मुलींना धंद्यातून साफ बाहेर ठेवलं. वाचून मी पुस्तक मिटलंच.

तर, या घराण्यातल्या लेकीसुना नुसत्या दागिने घालून मेजवान्या देत होत्या का कुणी काही केलं? गूगल केलं की "जगावर राज्य करणारं घराणं" छाप कचराच वर येतो, त्यामुळे इथे विचारतेय.

खतावणी_काका (मुलुंड)

अनघाताई, बँकेत छत्तीस वर्षं काढली त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी वर्मी बसला. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ते मृत्युपत्र तुम्ही वाचलंय त्याहून कडक आहे. मुली, जावई आणि त्यांची पोरंबाळं यांना पेढीत हिस्सा नाही इथवर ठीक, त्या काळात सगळीकडे तेच होतं. पण पुढे म्हातारा म्हणतो की त्यांना धंद्याच्या वह्या, कागदपत्रं, मालाची यादी, काही म्हणजे काही तपासायचा हक्क नाही. आणि कुणी कोर्टकचेरी करून भावांना त्रास दिला तर कायद्याने जेवढं कमीत कमी द्यावं लागतं तेवढंच द्यायचं. मला त्यातलं "वह्या बघायच्या नाहीत" हे फार बोलकं वाटतं. पैसा न देणं एक वेळ समजू शकतो, पण ज्याला वही दाखवत नाही त्याला आपल्याला किती मिळायला हवं होतं हेच कळत नाही.

आता त्याची बायको बघा. गुटले श्नॅपर. १७७० मध्ये लग्न, बाप स्वतः दरबारी व्यापारी. एकोणीस बाळंतपणं, त्यातली दहा जगली. फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीत राहायची, ती गल्ली म्हणजे आपल्या गिरगावातल्या चाळींमधली बोळ आणखी अरुंद करा, आणि बोळाला दरवाजे, रात्री बाहेरून कुलूप. मुलं युरोपातल्या राजांना कर्जं देऊ लागली, महाल बांधले, पण ही त्याच गल्लीतल्या घरात राहिली ती थेट १८४९ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत. नवरा जाऊनही सदतीस वर्षं झाली होती. लोक तिला बघायला गल्लीत यायचे.

बरं, मुली बाहेर ठेवल्या म्हणून त्या पैशाच्या हिशेबातून बाहेर होत्या का? अजिबात नाही. इथे खरी गंमत आहे. १८२४ ते १८७७ या काळात मयर आमशेलच्या वंशजांची २१ लग्नं झाली, त्यातली १५ घरातल्या घरात. पॅरिसच्या धाकट्या जेम्सने तर सख्ख्या भावाची मुलगी, बेटी, केली, म्हणजे पुतणीशी लग्न. आपल्याकडे ऐकूनच कानावर हात ठेवतील. पण हिशेब सोपा आहे, हुंडा या खिशातून निघाला की त्या खिशात. पोरगी वहीत भागीदार म्हणून नाही, पण भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून घातलेला बांध तीच.

आणि अपवाद सांगतो, म्हणजे तुम्ही पुस्तक परत उघडाल. लंडनचा नेथन, पाच जणांत सगळ्यात तल्लख, मँचेस्टरला कापडाच्या धंद्यापासून सुरुवात केलेला (कापडवालाच बघा). त्याची बायको हॅना बॅरंट कोहेन, सासरा लंडनचा बडा व्यापारी, त्या सोयरिकीने नेथनची पत वाढली हे उघड आहे. हा नेथन १८३६ मध्ये गेला, तेही मुलाच्या लग्नाला फ्रँकफर्टला गेला असताना, आणि मृत्युपत्रात लिहून गेला की महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत मुलांनी आईला बरोबर घ्यायचं, सल्लामसलतीत तिला मत असेल, आणि तिला विचारल्याशिवाय मोठा व्यवहार करायचा नाही. बापाच्या मृत्युपत्राला चोवीस वर्षं झाली होती फक्त!

जाता जाता, तुमच्या नातेवाईक बाईंसाठी. मृत्युपत्र स्वकष्टाच्या मालमत्तेचं करता येतं. दुकान वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा धरतात. मी वकील नाही, एखाद्या चांगल्या वकिलाला कागद दाखवा. वही द्यायची घाई करू नका.

सत्य_शोधक_७७

रॉथचाइल्ड म्हणजे तेच ना ज्यांनी वॉटर्लूच्या लढाईची बातमी कबुतराने आधी मिळवून अख्खं लंडन विकत घेतलं. सगळ्या देशांच्या बँका यांच्याच खिशात आहेत. बायकांचं काय घेऊन बसलात.

खतावणी_काका (मुलुंड)

कबुतराची गोष्ट दंतकथा आहे हो, ज्यूंबद्दल विष पेरायला वापरलेली, आणि तुमचं बाकीचंही त्याच फॉरवर्डमधलं. मीही ज्या बँकेत होतो ती कुणाच्या खिशात होती ते मला माहितीय, थकबाकीदारांच्या. धागा बायकांचा आहे, तिकडेच राहू द्या.

झूलॉजीवाली_परळ

काका +१. अनघा, मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते आणि मला रॉथशिल्ड हे नाव पहिल्यांदा बँकेमुळे नाही, पिसवेमुळे कळलं. हसू नका.

आपल्या मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, मांडवीपासून. कशाने पसरतो कुणाला नीट माहीत नव्हतं, घरं धुतली, सामान जाळलं, लोक गावाकडे पळाले, आमच्या आजेसासूबाईंच्या घरात "प्लेगच्या साली" अशीच वर्षं मोजायचे. पुढे उंदरावरची पिसू हे काम करते हे सिद्ध झालं, त्यातलं मोठं काम आमच्या परळच्याच प्रयोगशाळेत झालं, आता तिला हाफकिन म्हणतात. तर त्या पिसवेचं शास्त्रीय नाव झेनॉप्सायला किओपिस, आणि १९०३ मध्ये तिला हे नाव दिलं चार्ल्स रॉथशिल्डने. दिवसा बँक आणि उरलेल्या वेळात पिसवा जमवणारा माणूस. नमुना सुदानमधला होता म्हणून इजिप्तच्या राजाचं नाव.

चार्ल्सने १९२३ मध्ये आत्महत्या केली. मुलगी मिरियम तेव्हा नुकतीच पंधरा वर्षांची झाली होती. आणि हिला शाळेत घातलंच नव्हतं! बापाचं मत होतं की शाळेने पोरांची बुद्धी मरते, त्यामुळे घरीच वाढली, मग सतराव्या वर्षी स्वतःच हट्टाने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन प्राणीशास्त्र शिकली. डिग्री नाही. आणि याच बाईने बापाच्या पिसवांच्या प्रचंड संग्रहाचा कॅटलॉग सहकाऱ्याबरोबर वर्षानुवर्षं बसून खंडामागून खंड काढून केला. मी त्यातली चित्रं पाहिली आहेत, पिसवेच्या पायावरचा एकेक केस मोजून काढलेला, मायक्रोस्कोपला डोळा लावून असं काम तासभर केलं तरी मान धरते, हिने आयुष्य घातलं.

तिचा शोध जो मी दर वर्षी वर्गात सांगते तो म्हणजे सशावरच्या पिसवेचा. ही पिसू अंडी कधी घालते? सशाची मादी गाभण असेल तेव्हा. सशाच्या रक्तातली हार्मोन्स पिसवेच्या पोटात गेली की मगच तिची अंडी पिकतात, म्हणजे सशाची पिल्लं जन्मायला आणि पिसवा त्यांच्यावर उडी मारायला एकच मुहूर्त. मुली तोंडाला हात लावतात ऐकून. प्रयोगाच्या पिसवा ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून स्वतःच्या बेडरूममध्ये ठेवायची म्हणे, मुलांनी हात लावू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला शत्रूचे संदेश उलगडणाऱ्यांत होती. १९८५ मध्ये रॉयल सोसायटीची फेलो झाली, डिग्री नसलेली बाई. २००५ मध्ये गेली, शहाण्णव वर्षांची होऊन.

बँकेच्या इतिहासात तिला जागा नसेल तर नसू दे, आमच्या विषयात आहे.

वांद्र्याचा_जॅझी

मिरियमची धाकटी बहीण कुणी सांगितली नाही अजून? पॅनोनिका, निका. नवरा-मुलं-राजदूताचं घर सोडून न्यूयॉर्कला गेली, बेंटली गाडी घेऊन रात्रभर जॅझ क्लबांत. काळ्या वादकांना त्या काळात हॉटेलात उभं करत नव्हते, ही त्यांना घरी ठेवायची, बिलं भरायची. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर १९५५ मध्ये तिच्याच हॉटेलातल्या खोलीत गेला, पेपरवाल्यांनी तिला सोलून काढलं. पियानोवाल्या थेलोनियस मंकची शेवटची वर्षं तिच्या घरी गेली, १९८२ पर्यंत, आणि त्या घरात मांजरी किती ते विचारू नका. मंकने तिच्या नावाची चीज बांधलीय, पॅनोनिका, हेडफोन लावून ऐका, मग बोलू.

पुस्तककिडा_शीतल

मी थोडक्यात भर घालते, सगळ्यांची यादी करत बसले तर सकाळ होईल.

नेथनची मुलगी हॅना मेयर, १८३९ मध्ये ख्रिश्चन माणसाशी, हेन्री फिट्झरॉयशी, चर्चमध्ये लग्न केलं. घराण्याने जवळजवळ वाळीतच टाकलं. चर्चमध्ये माहेरचा एकच माणूस, भाऊ नॅट. ही त्याच हॅनाची मुलगी जिला धंद्यात मत होतं! म्हणजे मत असलं तरी कशात ते बघायचं. चाळीस वर्षांनी, १८७८ मध्ये, हिच्याच नावाची भाची हॅना लॉर्ड रोझबेरीशी लग्न करते तेव्हाही नाकं मुरडली गेली, पण ही इंग्लंडातली सगळ्यात श्रीमंत बाई म्हणून ओळखली जात होती, तिला कोण वाळीत टाकणार. नवऱ्याला राजकारणात तिने पुढे ढकललं, तो १८९४ मध्ये पंतप्रधान झाला, आणि ही १८९० मध्येच टायफॉइडने गेलेली, एकोणचाळिसाव्या वर्षी.

कॉन्स्टन्स, पुढची लेडी बॅटरसी, लंडनला उतरणाऱ्या एकट्या ज्यू पोरींना दलाल पळवून वेश्याव्यवसायात ढकलत, त्यांना वाचवायला तिने १८८५ मध्ये संस्था काढली, आणि तेव्हा सभ्य घरांत या विषयाचं नाव घेणंसुद्धा पाप होतं. फ्रँकफर्टच्या हॅना लुईझने सार्वजनिक वाचनालय आणि दातांचा दवाखाना काढला.

पण माझी लाडकी अॅलिस. लग्न केलं नाही. भाऊ फर्डिनांड १८९८ मध्ये गेला तेव्हा इंग्लंडातला वॉडस्डनचा महाल हिला मिळाला, आतल्या अमाप वस्तूंसकट. हिने नोकरांना नियम घालून दिले, चिनीमातीची वस्तू उचलायची तर दोन्ही हातांनी, आणि उचलताना तोंड बंद, बोलायचं नाही. पडदे कधी ओढायचे, ऊन किती येऊ द्यायचं. आमची आजी लोणच्याची बरणी काढताना हेच म्हणायची, "बोलू नकोस, बरणी हातात आहे", त्यामुळे मला ही बाई एकदम घरचीच वाटते. राणी व्हिक्टोरियाचा पाय फुलांच्या वाफ्यात पडला तर तिलाही "बाहेर या" म्हणाली, राणीने तिचं नाव सर्वशक्तिमान ठेवलं. आजही तिथल्या वस्तू टिकल्या आहेत त्याचं श्रेय तिच्या शिस्तीला देतात. वहीत ती खर्चाच्या बाजूला दिसत असेल.

भायखळ्याचा_बेने_इस्रायल

शालोम मंडळी. सगळं वाचलं, पण अनघाताई, तुम्ही ज्या लायब्ररीत बसून हे वाचलंत तिच्या भिंतीवरचं नाव विसरलात की.

आधी एक खुलासा, कारण दर वेळी करावा लागतो. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले, तेल काढायचो, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, घरात मराठीच. ससून मंडळी बगदादी, ते वेगळे, पैशाने आणि वागण्यानेही, आमच्याशी सोयरीक करत नसत. त्यामुळे मी काही त्यांचा भाट नाही. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आला, त्यांना पूर्वेकडचे रॉथशिल्ड म्हणतात, आणि ते नुसतं कौतुक नव्हतं, १८८७ मध्ये एडवर्ड ससूनने पॅरिसच्या गुस्ताव रॉथशिल्डची मुलगी अॅलिन केली, म्हणजे व्याही झाले.

आता आमच्या मुंबईची बाई. फराहा, पुढे फ्लोरा. १८५९ मध्ये इथेच जन्म. १८७६ मध्ये लग्न सुलेमान ससूनशी, आणि नातं काय? फराहाची आई अझीझा, अझीझाचे वडील अल्बर्ट ससून, आणि सुलेमान हा अल्बर्टचा सावत्र भाऊ. आजोबांच्या भावाशी लग्न. खतावणीकाकांनी सांगितलेलं पुतणीशी लग्न यापुढे काहीच नाही.

सुलेमान मुंबईची पेढी बघायचा. १८९४ मध्ये गेला. पस्तिशीची विधवा, तीन मुलं. आणि ती ऑफिस चालवायला लागली. कापूस, गिरण्या, चीनशी व्यवहार, सगळं. पेढीत भागीदार बाई, त्या काळात, मुंबईत! हिब्रू, अरबी, अरामी, हिंदुस्तानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन येत होत्या. प्लेगच्या वेळी लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्या मागे उभी राहिली, लोक लशीला घाबरायचे म्हणून स्वतः टोचून घेतली (परळवाल्या ताई, धागा जुळला बघा).

लंडनच्या नातेवाइकांना मात्र ते फार दिवस रुचलं नाही. १९०१ मध्ये पेढीची लिमिटेड कंपनी झाली आणि फराहा मुलांना घेऊन लंडनला गेली. सात वर्षं. एवढंच.

तिथे गेल्यावर धर्मग्रंथांची पंडिता म्हणून नाव झालं, १९२४ मध्ये ज्यूज कॉलेजच्या समारंभात अध्यक्षस्थानी बसून भाषण केलं, तोवर तिथे कुणी बाई बसली नव्हती. प्रवासाला निघाली की बरोबर खाटीक, कोशर म्हणजे आमच्या धर्मनियमाप्रमाणे कापलेल्या मांसासाठी, आणि दहा पुरुष. का, तर आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बाई त्यात मोजत नाहीत. त्या दहांपैकी किती जणांना तिच्याएवढं येत असेल देव जाणे, पण मोजायचे तेच.

आणखी एक ससून, रेचल. ही पण मुंबईत जन्मलेली, १८५८, तान्हेपणी इंग्लंडला नेली. नवरा फ्रेडरिक बीअर, त्याच्या घरचं ऑब्झर्व्हर वर्तमानपत्र, ही संपादक झाली, मग १८९३ मध्ये संडे टाइम्स विकत घेतलं आणि दोन्ही एकदम चालवली. फ्रान्समध्ये ड्रेफस प्रकरण गाजत होतं, ज्या एस्टरहाझीमुळे निरपराध ज्यू अधिकारी काळ्या पाण्यावर गेला त्याचा कबुलीजबाब १८९८ मध्ये हिच्याच पेपरने छापला. नवऱ्यासाठी ख्रिश्चन झाली म्हणून माहेर आधीच तुटलेलं. १९०१ मध्ये नवरा गेला, ही कोलमडली, मग वेडी ठरवून कारभार काढून घेतला, पेपर विकले. १९२७ मध्ये गेली तर नवऱ्याशेजारी पुरलंसुद्धा नाही, दुसऱ्या गावी. तिने ठेवलेल्या पैशातून भाचा सिगफ्रिड ससून, तो कवी, घर घेऊन राहिला.

कोळी_वाडा_३१

सगळं छान आहे पण अफूचं कोण बोलणार? माळव्याची अफू मुंबईवरून चीनला, त्यावर हे ससून उभे राहिले. आमचे आजोबा ससून डॉकला मासळी उतरवायचे, मला त्या नावाबद्दल राग नाही, पण फराहाबाई पेढी चालवत होत्या तेव्हा अफूचा धंदा चालूच होता ना? बाई आहे म्हणून हात धुवून घेऊ नका.

भायखळ्याचा_बेने_इस्रायल

चालू होता. मान्य. पेढी हातात घेतली म्हणजे पेढीत जे होतं ते सगळंच हातात घेतलं. उगाच देवी करण्यात अर्थ नाही.

गिरगावची_अनघा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आणि कोळीदादा तुमचेही, मी फराहाच्या प्रेमात पडायच्या बेतातच होते.

काल त्या नात्यातल्या ताईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. गुटलेला हसली. नेथनच्या मृत्युपत्रातलं ते "आईला विचारल्याशिवाय मोठा व्यवहार नाही" दोनदा वाचायला लावलं. रेचलच्या वेळी गप्प होती. मग म्हणाली, त्या मयर आमशेलच्या पाच जणींपैकी एकीने तरी वह्यांची नक्कल ठेवली असेल का गं? मला काय माहीत. मी म्हटलं विचारते.

वकिलाची वेळ घेतलीय, बुधवारची. निळं सिनेगॉगही बघून येणार आहोत त्याच दिवशी, फोर्टातच आहे, ओळखपत्र लागतं ना आत जायला? आणि एक फालतू प्रश्न, तीनशे-सव्वातीनशे पानांची झेरॉक्स काढायचीय, मोठी आडवी पानं आहेत, फोर्टात कुठे नीट आणि स्वस्त होईल?

खतावणी_काका (मुलुंड)

ओळखपत्र लागतं, आधार ठेवा जवळ. झेरॉक्ससाठी बोरा बाजारात विचारा, आडवी पानं ए थ्रीवर घ्या, नाहीतर शेवटचा बाकीचा रकाना कापला जातो, आणि तोच लागतो.